मदत हवी आहे: मिसुरीत हरणांसाठी फूड प्लॉट, यंदा काय पेरू?

मंडळी, इथे अमेरिकेत शिकारीसाठी फूड प्लॉट (हरणं चरायला यावीत म्हणून पेरलेला तुकडा) कोणी लावतं का? मिसुरीत ओकच्या जंगलात आमचा अर्ध्या एकराचा मोकळा तुकडा आहे, तिथे व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीची हरणं) यावीत म्हणून पेरायचंय. मका ओतून ठेवून शिकार करणं इथे बेकायदा आहे पण उभं पीक चालतं, आणि मला तेच आवडतं, हरणांना खरंच पोषण मिळतं. माती तपासली तर पीएच ५.४ निघाला, म्हणजे माती आम्लधर्मी; क्लोव्हरला (तीन पानांचं चाऱ्याचं पीक) ६ च्या वर पाहिजे आणि चुना मुरायला महिने जातात, म्हणून यंदा नुसते विंटर राय (थंडीतलं धान्य, मोहरी नव्हे) आणि ओट्स टाकू (रायग्रास हे वेगळं गवत, ते नाही हं, ते नंतर हटता हटत नाही) आणि क्लोव्हर फेब्रुवारीत गोठलेल्या जमिनीवर फेकू का? टर्निपचा (सलगमचा) पाला थंडी पडल्यावर गोड होतो म्हणे, पण एवढ्याशा तुकड्यात कोवळी रोपंच खाऊन सपाट करतील अशी भीती वाटते. सुरुवातीला इलेक्ट्रिक कुंपण कोणी लावलंय का, आणि किती दिवस ठेवलं? बो सीझन (धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम) १५ सप्टेंबरला सुरू होतो, त्याआधी पेरणी उरकायचीय. सावलीत काय तग धरतं तेही प्लीज सांगा, दुपारनंतर तिथे ऊन नसतंच.