विषय: शाळेचे पैसे अजून मंडळाच्याच खात्यात

उदय (खजिनदार):

मंडळी, भारतातल्या विशेष मुलांच्या शाळेला मंडळाने द्यायची देणगी अजून इथे परदेशातच पडून आहे, नवी कार्यकारिणी यायच्या आत हे मार्गी लागायला हवं. शाळा चालवणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्यांच्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा भारतीय कायदा) नोंदणी नाही, म्हणजे आपण पाठवले तरी त्यांना ते घेता येणार नाहीत. घेतले तर कारवाई त्यांच्यावर. तोडगा सुचवा. फक्त ‘माझ्या भावाच्या खात्यावर टाका, तो नेऊन देईल’ हे कृपया नको.

शिरीष:

भावाच्या खात्यावर का नको? तो सीए आहे, पावतीसुद्धा आणून देईल. नाहीतर तिकडच्या एखाद्या मोठ्या नोंदणीकृत ट्रस्टला द्या, ते पुढे शाळेला देतील. माझ्या वेळी आपण असंच करायचो आणि कधी काही अडलं नाही.

उदय:

शिरीषदादा, तुमच्या वेळी चालायचं. कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवणं बंद झालंय, दोघी नोंदणीकृत असल्या तरी. आणि भाऊ म्हणजे सरळसरळ आडवाट. मंडळ इथे नोंदलेलं, म्हणून मंडळाचा पैसा परदेशी. सभासद कुठल्या गावचे याला काही अर्थ नाही.

त्यांनी नोंदणी करून घ्यावी म्हटलं, तर संस्था किमान 3 वर्षं जुनी हवी (ती आहेच) आणि मागच्या 3 आर्थिक वर्षांत 15 लाख रुपये कामावर खर्च झालेले हवेत. घोडं इथे अडतं. बाई स्वतः पगार घेत नाहीत. जागा एका पालकांची, भाडं नाही. फिजिओथेरपिस्ट ताई येतात त्या मोफत. यातलं काहीच ताळेबंदात दिसत नाही. लोक चांगले म्हणून खर्च कमी, आणि खर्च कमी म्हणून शाळा अपात्र!

मीनाक्षी:

मुळात द्यायचे कशासाठी ते तरी ठरलंय का? सभेत टॅब आणि स्मार्ट बोर्ड ठरलं होतं, इतिवृत्तात आहे, ते मीच लिहिलंय. आता मध्येच रिक्षा आणि पगार कुठून आले? पगार म्हणजे प्रशासकीय खर्च, त्याला 20 टक्क्यांची मर्यादा आहे असं वाचलंय. शिवाय बोर्डावर मंडळाचं नाव तरी राहील.

उदय:

मीनाक्षीताई, शाळेतल्या शिक्षकांचा पगार त्या 20 टक्क्यांत धरत नाहीत, नियमातच तसं आहे. रिक्षा मी काढलेली नाही, बाईंनीच कळवलंय. त्यांची मागणी दोनच गोष्टींची: मुलांना ने-आण करणाऱ्या रिक्षाचे पैसे आणि मदतनीस मावशींचा पगार.

अस्मिता:

मी सहसा लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ याच शाळेत वाढला. रिक्षा नाही आली तर त्या दिवशी शाळा नाही, इतकं साधं आहे. आईने त्याला एसटीने न्यायचा प्रयत्न केला होता. गर्दीचा आवाज वाढला की तो कान दाबून खालीच बसायचा आणि लोक आईला ऐकवायचे. रिक्षावाले काका गल्लीत हॉर्न वाजवत नसत. उतरून दारात येऊन उभे राहायचे, तो स्वतःहून निघेपर्यंत. बाकीची मुलं रिक्षात बसलेली असायची, तरी कधी घाई नाही. त्यांचे पैसे थकले तरी फेरी थांबत नव्हती, पण पेट्रोल कोणी उधार देत नाही.

आणि मावशी नसल्या तर मुलांना शी-शूला कोण नेणार? बाई एका मुलाला घेऊन गेल्या की वर्ग उघडा. त्या वयात तिथे टॅब बघायला कोण बसलंय.

शिरीष:

अस्मिता, तुमचा भाऊ आता काय करतो? विचारलं म्हणून राग नसावा.

अस्मिता:

राग कसला! त्याच शाळेच्या कार्यशाळेत उटण्याची पाकिटं भरतो. त्याला दहापर्यंत मोजता येत नाही. बाईंनी सुताराकडून दहा खोबणींची फळी करून घेतली आहे. प्रत्येक खोबणीत एक पाकीट, एकही खोबण रिकामी दिसली नाही की गठ्ठा बांधायचा. चुकत नाही. मी बांधते तेव्हा मात्र कधी नऊ निघतात.

नंदूकाका:

अरे मग उटणंच विकत घ्या की! दिवाळीला लागतंच. मालाची किंमत दिली तर ती देणगी होत नाही.

उदय:

काका, बरोबर. नेहमीच्या व्यवहारात वस्तूची किंमत दिली तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण किंमत खरी हवी. चिमूटभर उटण्याला भरमसाट पैसे मोजून ‘खरेदी’ म्हणायचं, हे मी सहीनिशी करणार नाही.

मीनाक्षी:

उटणं नको. पावडर बघितली की कस्टम्सवाले खोकं उघडतात, माझ्या मेतकुटाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पणत्या मागवा.

नंदूकाका:

पणत्या फुटतात. आणि मेतकूट तुम्ही लेबलाशिवाय पाठवलं होतं.

मीनाक्षी:

लेबल होतं. मराठीत होतं.

उदय:

उटण्याचं खोकं वेगळ्या मेलवर घ्या, वजन किती भरेल ते अस्मिता विचारून सांगेल.

बाकीचं असं. मंडळाच्या रकमेसाठी शाळेने दिल्लीला पूर्वपरवानगी मागायची. त्यात देणगीदार, रक्कम आणि कारण ठरलेलं असतं. आपण पत्र द्यायचं. कारण मी ‘मुलांची ने-आण आणि मदतनीसांचा पगार’ असं लिहितोय. मीनाक्षीताई, यासाठी सभेचा नवा ठराव लागेल, इतिवृत्त तुमच्याकडेच. परवानगी आली तर शाळेला संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं काढावं लागेल, त्याचे कागद शिरीषदादांच्या भावाने बघावेत. सीए आहेत ना?

याला महिने लागतील आणि रिक्षा रोज लागते. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत शाळेला थेट देऊ शकतात, ते परदेशी धरलं जात नाही. फक्त स्वतःचे पैसे. दुसऱ्यांचे गोळा करून आपल्या नावावर पाठवायचे नाहीत.

शिरीष:

म्हणजे कोणी पासपोर्ट बदललाय ते यादीवर जाहीर करायचं?

उदय:

नाही. मला खासगीत लिहा, शाळेच्या खात्याचा तपशील पाठवतो. शिरीषदादा, तुमच्या भावाचा फोन नंबरही खासगीतच पाठवा.