दोन मुलं, घर आणि बी.ए.: सोलापुरातून कसं जमवावं?

मी पूर्व भागात राहते. बारावी कला झाली आणि लगेच लग्न. मोठी आता सातवीत, धाकटा पहिलीत. घरी टॉवेलला शिलाई मारते. मला शिक्षिका व्हायचंय, मनापासून. केगावच्या सोलापूर विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात रोज जावं की मुक्त विद्यापीठ घ्यावं? सासूबाई म्हणतात, "शिक की, पोरांचं मी बघते." पण रोज सकाळी त्यांच्यावर टाकणं मला पटत नाही.

जुळे सोलापूरकर: ताई, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. १९८९ पासूनचं, नाशिकचं. अभ्यासकेंद्रं इथंही आहेत, तास बहुतेक रविवारी, सुट्टीला. वयाची अट नाही. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असल्यानं पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरतात.

शाळेतली बाई: बी.ए. मुक्तमधून चालेल, पण बी.एड.चं, म्हणजे शिक्षकी पदवीचं, आत्ताच लक्षात ठेवा. ते दूरशिक्षणानं फक्त आधीच प्रशिक्षित किंवा नोकरीत असलेल्या प्राथमिक शिक्षकांना मिळतं. तुम्हाला कॉलेजात जाऊनच करावं लागेल, सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन. पदवीला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. म्हणून नुसतं पास होण्यापुरतं वाचू नका. विषय शाळेत शिकवतात तेच घ्या, मराठी किंवा इतिहास. तोवर धाकटा मोठा होईल, रोज जाणं जमेल. सासूबाईंची मदत तेव्हासाठी राखा.

प्रश्नकर्ती: बी.एड.चं कुणीच सांगितलं नव्हतं, बाई. मग मुक्तमधून मराठी घेते. रविवारी शिलाई बंद ठेवीन. पूर्व भागाला जवळचं केंद्र कुणाला माहीत आहे का?