मदत हवी आहे: युरेनियम-२३२ चा क्षय होतोय, मग गॅमा वाढतो कसा?

कळवेकर:
ठाण्यात एमएस्सी फिजिक्स करतोय, सेमिनारला थोरियम इंधनचक्र घेतलंय. थोरियम-२३२ न्यूट्रॉन गिळून थोरियम-२३३ होतं, त्याचं २२ मिनिटांत निम्मं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, आणि त्याचं २७ दिवसांच्या अर्धायुष्याने (निम्मं उरायला लागणारा काळ) युरेनियम-२३३. इथवर ठीक. घोडं अडलंय ते सोबत तयार होणाऱ्या युरेनियम-२३२ पाशी.

त्याचं अर्धायुष्य ६८.९ वर्षं, म्हणजे पहिल्या दिवसापासून उतरणच हवी. पण जिथे तिथे वाचतोय की ताज्या शुद्ध केलेल्या मालाजवळ गॅमा कमी असतो आणि पुढे काही वर्षं चढत जातो. शिवाय हे अल्फा सोडणारं, मग २.६ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) इतका भेदक गॅमा किरण आला कुठून? एक्सेलमध्ये आलेख काढायचाय, त्यासाठी शिशापर्यंतची अख्खी साखळी मांडू का? सोमवारी सेमिनार आहे. तयार उत्तर नको, रीत सांगा.

तर्रीबाज:
वाशीच्या काकांना हाक मारा. आम्ही धाग्याला वर आणायचं काम करतो.

वाशीकर काका:
आलो रे. जन्म ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात गेला, आता खाडीच्या या बाजूने बघतो.

तो गॅमा युरेनियमचा नाहीच, नातवंडा-पतवंडांचा आहे. कंसात अर्धायुष्यं देतो: युरेनियम-२३२ पासून थोरियम-२२८ (१.९ वर्षं), मग रेडियम-२२४ (३.६ दिवस), रेडॉन-२२० (५६ सेकंद), क्षणभर पोलोनियम-२१६, शिसं-२१२ (१०.६ तास), बिस्मथ-२१२ (तासभर). इथे फाटा फुटतो: ६४ टक्के पोलोनियम-२१२ कडे, ३६ टक्के थॅलियम-२०८ कडे. हे थॅलियम तीन मिनिटांत बीटा सोडतं आणि उत्तेजित शिसं-२०८ खाली उतरताना तुझा २.६ एमईव्हीचा गॅमा देतं.

आता रीत. खोळंबा एकाच ठिकाणी आहे, थोरियम-२२८ पाशी. त्याच्या खालचे सगळे इतके अल्पजीवी की त्याच्याच चालीने चालतात. म्हणून दोनच समीकरणं पुरेत: युरेनियम-२३२ आणि थोरियम-२२८. क्षयस्थिरांक (०.६९३ भागिले अर्धायुष्य) वर्षाला ०.०१००६ आणि ०.३६२५. थोरियमच्या कमाल बिंदूचा काळ म्हणजे दोघांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग भागिले दोघांतला फरक. करून बघ.

कळवेकर:
काका, १०.२ वर्षं आली! आणि तिथे थोरियमची अ‍ॅक्टिव्हिटी (दर सेकंदाला मोडणारे अणू) युरेनियमच्या मूळ अ‍ॅक्टिव्हिटीच्या ९० टक्के दिसतेय. बरोबर?

वाशीकर काका:
बरोबर. त्या क्षणी दोघांची अ‍ॅक्टिव्हिटी सारखी असते, कारण थोरियम जितकं बनतं तितकंच मोडतं. थॅलियमसाठी मात्र ०.३६ ने गुण, म्हणजे ३२-३३ टक्के. मुलं हा गुणाकार हमखास विसरतात आणि परीक्षक नेमका तोच विचारतो. शिखरानंतर हळूहळू थोरियम युरेनियमच्या सुमारे ३ टक्के वर जाऊन त्याच्यासोबत उतरतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा आलेख दाखवणार असशील तर रेडियम-२२४ वेगळं धर. दिवसांच्या मोजपट्टीवर ३.६ दिवस काही थोडे नव्हेत.

तर्रीबाज:
बाळबोध शंका. मग हे २३२ रसायनांनी वेगळं काढून का नाही टाकत?

वाशीकर काका:
२३२ काय, २३३ काय, मूलद्रव्य एकच. रसायनाला फरक कळत नाही. थोरियम-२२८ मात्र काढता येतं. काढलं की गॅमा बसतो, पण जनक तिथेच असल्याने वर्षभरात थोरियमची अ‍ॅक्टिव्हिटी पुन्हा युरेनियमच्या ३० टक्क्यांवर येते. म्हणून शुद्धीकरण आणि इंधन बनवणं यांत फार दिवस जाऊ द्यायचे नसतात, नाहीतर जाड शिशाआडून दूरनियंत्रणाने काम करावं लागतं. कल्पक्कमची कामिनी अणुभट्टी १९९६ पासून युरेनियम-२३३ वरच चालवली गेली, फक्त ३० किलोवॉटची. सेमिनारमध्ये तिचा उल्लेख कर.

कळवेकर:
करतो. वर्ष १ ला ३०.२ टक्के आले. आता फक्त हे २३२ मुळात भट्टीत येतं कसं, तेवढं सांगा.

वाशीकर काका:
वेगवान न्यूट्रॉन आदळून दोन बाहेर पडले की. युरेनियम-२३३ वर झालं तर थेट २३२. थोरियम-२३२ वर झालं तर थोरियम-२३१, त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३१, ते एक न्यूट्रॉन घेऊन प्रोटॅक्टिनियम-२३२, आणि बीटा सोडून युरेनियम-२३२. दोन्ही वाटा एकाच स्लाइडवर काढ.