पगारातनं प्रोफेशन टॅक्स कापतात तो जातो कुठं?

प्रश्न (अक्कलकोट रोड, सोलापूर)
टॉवेलच्या कारखान्यात पगाराचं काम बघतो. दर महिन्याला कामगारांचे २०० रुपये पी.टी. कापायचे, फेब्रुवारीत ३००, आणि कुणीतरी विचारतंच की ओ साहेब हे कशाचे. इन्कम टॅक्स वेगळा, पी.एफ. वेगळा, मग हा कशाचा? आणि त्याबदल्यात आपल्याला काही हक्क मिळतो का? वकील असेल कुणी तर नीट सांगा.

उत्तर (वकील, सोलापूर)
त्यांना सांगा, हे पैसे रोजगार हमी योजनेचे, म्हणजे रोहयोचे. बाहत्तरच्या दुष्काळानंतर १९७५ साली हा कर आणला तोच रोहयोला पैसा उभा करायला, शहरातल्या पगारदारानं द्यायचा, सरकारनं तेवढीच भर घालायची आणि खेड्यात हाताला काम द्यायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची ही योजना, मग १९७७ ला तिचा कायदाच झाला, म्हणजे काम ही मेहरबानी राहिली नाही, हक्क झाला. मला विचाराल तर महाराष्ट्रानं केलेला हा सगळ्यात मोठा कायदा.
फेब्रुवारीचं सोपंय, घटनेच्या कलम २७६ प्रमाणे वर्षाला २५०० च्या वर हा कर घेता येत नाही, अकरा महिन्यांचे २२०० झाले की राहिले ३००. आणि पॅकिंगला वगैरे बायका असतील तर पगार महिना २५ हजारापर्यंत असल्यास त्यांचा कापायचाच नाही, एप्रिल २०२३ पासून माफ आहे, तेवढं बघून घ्या.
कर भरला म्हणून भरणाऱ्याला थेट काही मागता येत नाही, फीच्या बदल्यात सेवा मिळते, कराच्या नाही, हा फरक सुप्रीम कोर्टानं शिरूर मठाच्या खटल्यात १९५४ लाच सांगितलाय. पण मजुराचा हक्क कायद्यातनं आलाय, त्याला तिजोरीत पैसे नाहीत म्हणून परत पाठवता येत नाही. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेनं गटारं न बांधायला हेच कारण दिलं होतं, सुप्रीम कोर्टानं १९८० साली ते ऐकून घेतलं नाही.

उत्तर (सांगोला)
आमची आजी बाहत्तरला रस्त्यावर खडी फोडायला होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले म्हणायची. वकीलसाहेब, मग हा पैसा दुसरीकडं वळवला तर कुणाला कळणार ओ?

उत्तर (वकील, सोलापूर)
कळतं, बघायला पाहिजे. कुठलाही कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथनं विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय रुपया निघत नाही, म्हणून सगळं बजेटात छापलेलं असतं. जमेला व्यवसाय कर किती आणि खर्चाला रोहयो किती, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. तफावत वाटली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि गावाकडं कुणी काम मागत असेल तर तोंडी मागू नका म्हणावं. अर्ज लेखी द्या, तारीख घातलेली पोच घ्या. काम १५ दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता लागू होतो, आणि पोचच नसली तर ते १५ दिवस मोजायचे कुठनं?