५५३२ काढला अन् म्हणे पडदा सरकला!

सोल्डरबहाद्दर: काल या ऑडिओच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, प्रीॲम्पमधला ५५३२ हा ऑपॲम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप) काढून ओपीए१६१२ टाकला अन् पडदा सरकल्यागत गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. डोकं फिरलं वाचून. १६१२ चा व्होल्टेज नॉइज (चिपची स्वतःची खरखर) १.१ नॅनोव्होल्ट, ५५३२ चा ५. कबूल. पण करंट नॉइज, जो चिपच्या आधीच्या रोधावर खरखर करतो? १.७ पिकोॲम्प विरुद्ध ०.७. आधी ५० के चा (५० हजार ओहमचा) व्हॉल्यूम पॉट असला तर चिपला साडेबारा के पर्यंत रोध दिसतो. त्यावर १६१२ एकट्या करंट नॉइजनं २१ नॅनोव्होल्ट करतो, ५५३२ नऊच्या आत. पैसे घालून खरखर वाढवली.

धरमपेठी: मीच तो. आकडे तुमच्यापाशी ठेवा, कान माझे आहेत. अन् स्ल्यू रेट, म्हणजे एका मायक्रोसेकंदात चिप किती व्होल्ट चढू शकते? २७ विरुद्ध ९!

सोल्डरबहाद्दर: २० किलोहर्ट्झला १० व्होल्ट पीकसाठी १.२६ लागतो. ९ काहून कमी पडंल?

कूलरग्रस्त: मे महिन्यात नागपुरात श्वास ऐकू येते, भाऊ? खिडकीत कूलर घरघरत असताना? माझ्याकडं तर कूलरचा पंप बंद केला की स्पीकर टक् करते. त्यावर बोला नं कोणी.

जुनीडेक: स्विचवर स्नबर (ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लाव. धरमपेठी, चिप कुठून घेतली?

धरमपेठी: सीताबर्डीतून, ओळखीत, चारशेला. जुनी उपटली, त्याच सॉकेटात नवी दाबली. दोन मिनिटं.

जुनीडेक: तिथंच मेख आहे! १६१२ डीआयपीत, म्हणजे सॉकेटात बसणाऱ्या लांब पायांच्या रूपात, येतच नाही. चिमुकला एसओ-८, ॲडाप्टर पट्टीवर सोल्डर केल्याशिवाय सॉकेटात बसत नाही. मीही असाच फसलो होतो. ॲसिटोनचा बोळा फिरवला, चिपवरची छपाई कापसावर आली, नकली निघाली.

धरमपेठी: म्हणजे मी येडा?

सोल्डरबहाद्दर: छे! नकली असली तर माझा हिशोब तुम्हाला लागूच नाही. खरखर वाढवल्याचा आरोप मागे घेतो.

कूलरग्रस्त: स्नबर लावला, टक् गेलं. श्वास काही आला नाही.

धरमपेठी: चिप घासली. छपाईखाली ४५५८ निघाला, दुसराच ऑपॲम्प. हसा.

जुनीडेक: त्याचा स्ल्यू रेट एक-दीड. तुमच्या २७ चं काय झालं?

धरमपेठी: तरी फरक आहे म्हणजे आहे. रविवारी या सारे, तर्री-पोहे खिलवतो. डोळे बांधून ऐका.

कूलरग्रस्त: येतो. पण कूलर बंद करणार असाल तर आत्ताच सांगा.