बोनी एमची नाताळची कॅसेट आणि आमची कॅरल फेरी, जरा मदत करा

जालनेकर
सगळ्यांना सलाम. पप्पांकडं बोनी एम ह्या जुन्या डिस्को ग्रुपची नाताळच्या गाण्यांची कॅसेट होती, डिसेंबर लागला की सकाळी पाणी तापवायच्या टायमाला ती सुरू व्हायची. परवा लावली तर रीळच तुटली. आता तोच अल्बम शोधायलोय पण नेटवर दहा प्रकारचे कलेक्शन दिसायलेत, ओरिजनल कोणता तेच कळेना. दुसरं म्हणजे ह्या वर्षी चर्चच्या तरुण संघाच्या कॅरल फेरीत, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरतो त्यात, त्यातलं एखादं गाणं घ्यायचं मनात आहे पण मंडळीतले काही वडीलधारे म्हणायलेत की हे डिस्को आहे, नाताळाला शोभत नाही. आणि पप्पांचा प्रश्न, त्यातला जाड आवाज ग्रुपमधल्या त्या नाचणाऱ्या बॉबीचाच ना?

जुन्या_कॅसेटवाला (संभाजीनगर)
दादा, ओरिजनल अल्बम १९८१ चा, नाव साधंच, ख्रिसमस अल्बम. कलेक्शन नंतर लई निघाले, साल बघूनच घ्या. 'मेरीज बॉय चाइल्ड' मात्र त्याच्या आधीचं, १९७८ ला सिंगल म्हणून आलं आणि इंग्लंडात चार आठवडे एक नंबरला होतं. मूळ गाणं जेस्टर हेअरस्टनचं, १९५६ ला हॅरी बेलाफोंटेनं गायलेलं, बोनी एमनं त्याला 'ओह माय लॉर्ड' हा दुसरा भाग जोडला.
आवाजाचं सांगतो, पप्पांना हळूच सांगा. स्टेजवर बॉबी फॅरेल होता पण रेकॉर्डिंगमधला तो जाड आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा. ग्रुपमधली मेझी विल्यम्स पण स्टुडिओत गायली नाही. खरा गळा ग्रुपमधल्या बाकी दोघींचा, लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेटचा, 'मेरीज बॉय चाइल्ड' मधला मेन आवाज लिझचा. पण बॉबीचं नाचणं बघूनच आपल्याकडं लोकांनी कॅसेटी घेतल्या हे पण तितकंच खरं, त्यामुळं पप्पांचं प्रेम काही वाया गेलं नाही.

परभणीची_ताई
वडीलधाऱ्यांना एक सांगा, स्टेजवरच्या चौघातलं कोणीच बर्फातलं माणूस नाही. लिझ आणि मार्शिया जमैकाच्या, मेझी माँटसेराटची, बॉबी अरूबाचा, सगळी गरम बेटं. आपला नाताळ पण हुरड्याच्या दिवसातला, मग त्यांचा ठेका आपल्याला परका कसा? आणि 'हार्क द हेराल्ड' हे जुनं कॅरल तर चार्ल्स वेस्लीचं, १७३९ चं, ते पण ह्याच अल्बमात आहे, त्याला कोण डिस्को म्हणेल?

पेटीवाला (लातूर)
मी चर्चमध्ये पेटी वाजवतो म्हणून बोलायलो. 'मेरीज बॉय चाइल्ड' घेऊ शकता, केरवा तालात आरामात बसतंय, पण लिझच्या पट्टीत सगळ्या पोरांना ओढू नका, आधी कोणाला किती वर जातंय ते बघा आणि मग पट्टी ठरवा, नाहीतर तिसऱ्या घरापर्यंत गळे बसतेत. 'ओह माय लॉर्ड' च्या जागी टाळ्या घ्या.
पण मला विचाराल तर 'लिटल ड्रमर बॉय' घ्या. कॅथरीन डेव्हिसनं १९४१ ला लिहिलेलं, ह्या अल्बमात आहेच. त्यात एका गरीब पोराकडं बाळाला द्यायला काहीच नसतंय, फक्त ढोल असतोय, मग तो तेच वाजवतो. आता आपल्याकडं तो पोरगा काय ड्रमसेट घेऊन येणारंय का? हलगी घेऊन येईल! फेरीत एका पोराला हलगी द्या, बाकी सगळं थांबवा, पेटी पण, आणि ओळीच्या शेवटी तोंडानं जो ढोलाचा आवाज काढतेत तिथं नुसती हलगी वाजू द्या, हळू. हलगी चर्चमध्ये नको म्हणणारे मी पण बघितलेत, मला ते पटत नाही, ज्या घरांतून आपले आजोबा-पणजोबा मंडळीत आले तिथं हलगीच होती.

परभणीची_ताई
हलगीचं वाचून अंगावर काटा आला. मराठी शब्द बसवले तर इथं टाका, आमची पोरं पण म्हणतील.

जालनेकर
लई आभार सगळ्यांचे. पप्पांना बॉबीचं सांगितलं, थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मग त्या फॅरियनला पण ऐकू. १९८१ चा अल्बम सापडला, मोबाइलवर लावून दिलाय. हलगीवाला पोरगा आमच्याच गल्लीत आहे, संध्याकाळी त्याच्याकडं जायलोय. पाळकसाहेबांना रविवारी उपासना झाल्यावर ऐकवतो.