मला 'माहेरची साडी' आवडतो. गंमत म्हणून नव्हे, खरोखर.

वाळवण:

परवा ऑफिसात डबे उघडल्यावर विषय निघाला, आवडता मराठी सिनेमा कोणता. 'कोर्ट' झाला, 'किल्ला' झाला, एकाने 'फँड्री' सांगितला. माझी पाळी आली, मी म्हटलं 'माहेरची साडी'. आधी सगळे खो खो हसले. मग एकीने मला सावरून घेतलं, "म्हणजे टाइमपास म्हणून ना? मीम्स वगैरे?" मी म्हटलं, नाही, आवडतो. त्यावर जी शांतता पसरली ती एखाद्याने जेवताना पायातला मोजा काढल्यावर पसरते तशी होती.

तर हा धागा त्या शांततेसाठी.

सिनेमा 1991चा, विजय कोंडक्यांचा. मी तो दोनेक वर्षांनी पाहिला, गावी, कराडच्या बाजूला, गणपतीत. रस्त्यावर आडवा पांढरा पडदा, मागे-पुढे दोन्हीकडे माणसं. आम्हा पोरांना पडद्याची मागची बाजू मिळायची, त्यामुळे माझ्या लेखी त्या सिनेमातले सगळे डावखुरे आहेत. गोष्ट आठवत नसेल त्यांच्यासाठी: लक्ष्मी (अलका कुबल) जन्मली आणि आई गेली, म्हणून बाप (विक्रम गोखले) पोरीला पांढऱ्या पायाची ठरवतो. सासरी उषा नाडकर्णी. पुढचं सांगत नाही, सांगायची गरजही नाही.

माझ्या डोक्यात राहिलं ते पडद्यावरचं नाहीच. आमची थोरली चुलती रडताना मी कधी पाहिली नव्हती. घरात बाई रडली की "काय झालं तुला रडायला?" विचारायला दहा जण, आणि उत्तर द्यायची सोय नाही. त्या रात्री ती अंधारात, शे-दीडशे बायकांत बसून मनसोक्त रडली आणि कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हापशावर सगळ्या मिळून सिनेमातल्या सासूला शिव्या घालत होत्या. कोण कुणाच्या सासूला शिव्या घालतेय ते तिथल्या प्रत्येकीला कळत होतं आणि सासवांना हरकतही घेता येत नव्हती. विषय सिनेमाचा होता ना!

आज तो टीव्हीवर लागला की मी बघते. संवाद ठोकळेबाज आहेत, मान्य. पार्श्वसंगीत कानाखाली वाजवतं, मान्य. तरी बघते आणि रडते. "हा आपला चोरटा शौक" असं म्हणत डोळे मिचकावायची माझी तयारी नाही. चोरी कसली त्यात?

निवांत_नाना:

ताई, धागा सुरेख. सिनेमा नको. आमच्या हिने 92 साली मला थिएटरात नेलं होतं. शेजारच्या बाईने माझ्याच रुमालाला नाक पुसलं. तेव्हापासून मी रुमाल ठेवत नाही.

कडूकारलं:

आवड ज्याची त्याची, हे ठीक. पण हापशाची हळवी आठवण आणि सिनेमाचा दर्जा यांची गल्लत होतेय. आठवण चांगली आहे म्हणून सिनेमा चांगला होत नाही. शिळ्या भाकरीवरही माणसाचा जीव असतो.

'प्रभात'चा 'कुंकू' 1937चा. त्यातली नीरा म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न मानायलाच नकार देते. त्याच घरात राहून, तोंडावर. शांता आपटेंनी ती अशी उभी केलीय की आजही बघताना ताठ बसायला होतं. 1982 साली 'उंबरठा'तली स्मिता पाटील घर सोडून नोकरीला जाते. आणि त्यानंतर नऊ वर्षांनी आपण लक्ष्मीला डोक्यावर घेतो, जिला सोसण्यापलीकडे काही येतच नाही? हे पुढे जाणं नव्हे, मागे येणं आहे. टिंगल होते ती याची. "अलका कुबल होऊ नकोस" हा वाक्प्रचार लोकांनी उगाच नाही घडवला. बाईंच्या अभिनयाबद्दल माझं काही म्हणणं नाही, भूमिकेबद्दल आहे.

सडाफटिंग:

एवढं गंभीर का होताय सगळे? आम्ही होस्टेलवर मिथुनचा 'गुंडा' (1998, कांती शाह) किती वेळा पाहिला याची गणतीच नाही. यमकातले संवाद आख्खी विंग एका सुरात म्हणायची. वाईट सिनेमा वाईट आहे हे माहीत असूनच मजा येते. 'माहेरची साडी'पण तसाच बघा की. चार मित्र, चिवडा, आणि दर हुंदक्याला एक टाळी.

वाळवण:

@सडाफटिंग, 'गुंडा' तुम्ही पोरांनी पोरांसाठी उचलला. मजा तुमची, हसं झालं तर सिनेमावाल्याचं. पण हुंदक्याला टाळी वाजवताना तुम्ही पडद्यावरच्या बाईला हसत नाही, तिच्यासाठी रडणाऱ्या बाईला हसता. माझ्या चुलतीला. चिवडा घेऊन या, टाळी वाजवलीत तर वाटी काढून घेईन.

@कडूकारलं, 'कुंकू' मलाही आवडतो. पण नीरा जे बोलते ते बोलायला पाठीशी काहीतरी लागतं. निदान स्वतःचं म्हणणं मांडता यावं एवढी सवय तरी. आमच्या गावातल्या बायकांनी 'कुंकू' पाहिला असता तर "बाई गं, केवढी धीट" म्हणून घरी गेल्या असत्या. लक्ष्मी बघून त्या आपसात बोलायला लागल्या. कुठला सिनेमा थोर ते तुम्ही ठरवा. कुठल्याने काय केलं ते मी पाहिलंय.

गावकुसाबाहेर:

अवांतर माहिती: ही गोष्ट मुळात मराठी नाहीच. 'बाई चाली सासरिये' नावाच्या राजस्थानी चित्रपटावरून घेतलेली. नंतर 1994 साली हिंदीतही झाली, 'साजन का घर', जूही चावला आणि ऋषी कपूर. म्हणजे जयपूरपासून कराडपर्यंत हापसे सारखेच.

टिकलीभर:

मी इथे फारशी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

वाळवणताई, तुमच्या गावात बायका एकत्र रडल्या, चांगलं झालं. आमच्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून पाहिला होता. सिनेमा संपल्यावर आजी माझ्या आईला सगळ्यांसमोर म्हणाली, "बघ. ती एवढं सोसते, उलटून एक शब्द बोलत नाही. तुम्हाला जरा काही बोललं की तोंडं फुगतात." ते वाक्य पुढे कित्येक वर्षं घरात होतं. भाजीत मीठ जास्त झालं की निघायचं. आईने माहेरी फोन केला की निघायचं.

तुमच्या हापशावर सासूला शिव्या पडल्या. आमच्या घरात त्याच सिनेमाने सासूच्या हातात काठी दिली. तेव्हा "सिनेमाने काय केलं ते पाहिलंय" हे मीही म्हणू शकते. आणि सडाफटिंगसारखं हसायलाही मला येत नाही. मला तो लागला की चॅनल बदलावं लागतं.

कडूकारलं:

@टिकलीभर, मी एवढं लांबलचक लिहून जे सांगता आलं नाही ते तुम्ही सांगितलंत.

दादर_पश्चिम:

थोडं दुसऱ्या बाजूने. टिंगल कोण करतं हेही बघा. दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' 1971 साली आला तेव्हा दादरचं कोहिनूर थिएटर देव आनंदच्या सिनेमासाठी तो लावायला तयार नव्हतं, शिवसेना मध्ये पडली तेव्हा लागला. पुढे दादांचे सलग नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले. आणि आमच्या वाडीतली सुशिक्षित मंडळी पार शेवटपर्यंत "शी, द्व्यर्थी" म्हणत राहिली. तीच मंडळी आज निवृत्त होऊन "दादा म्हणजे अस्सल लोककला हो" म्हणून व्याख्यानांना जातात. विनोद तोच, चड्डीची लोंबती नाडीही तीच. तीस-चाळीस वर्षं थांबा, 'माहेरची साडी'वरही चर्चासत्र होईल.

कडूकारलं:

दादांशी तुलना मला पटत नाही. दादांचा भोळा गडी पाटलाला, हवालदाराला, पुढाऱ्याला उघडा पाडायचा. लक्ष्मी कुणाला उघडं पाडते? लोकप्रिय आणि चेष्टेचा विषय, एवढंच साम्य. तेवढं तर डासांच्या अगरबत्तीतही असतं.

निवांत_नाना:

डासांची अगरबत्ती लोकप्रिय आहे?

पाचवी_सासू:

मालिकांचं कुणीच कसं काढलं नाही? 'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र तिच्यावर विनोद पाठवत होता. मीही पाठवले. आणि त्याच सुमारास लग्नसराईत सराफाकडे "जान्हवीसारखं लांब मंगळसूत्र दाखवा" म्हणणाऱ्यांची रांग होती. त्या रांगेतही मी होते. आठ वाजता भाजी करपली तरी चालेल पण टीव्ही सोडायचा नाही, आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच मालिकेची पिसं काढायची. दोन्हीत मला सारखीच मजा आली. मला यात भांडण दिसतच नाही बाई.

वाळवण:

@टिकलीभर, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. माझी चुलती आता नाही, पण चुलत बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आईच मला तेच ऐकवायची की. लक्ष्मी बघ, लक्ष्मी बघ." म्हणजे रात्री रडलेली तीच, सकाळी हापशावर शिव्या दिलेली तीच, आणि दहा वर्षांनी लेकीला ऐकवणारीही तीच. मला हे माहीत नव्हतं. मी पडद्याच्या मागच्या बाजूला बसले होते.

मी आवडतो म्हटलेलं परत घेत नाही. पण सिनेमाने बायकांना बोलतं केलं असं जे मी वर ठोकून लिहिलं, ते एवढं ठोकायला नको होतं.

टिकलीभर:

तुम्ही फोन केलात म्हणून मीही आईला केला. विचारलं, तुला त्या सिनेमाचा राग येत नाही का? म्हणाली, "सिनेमाचा कशाला? बोलत तुझी आजी होती." मग म्हणाली, गाणी चांगली होती. दुसऱ्यांदा मात्र पाहिला नाही, एकदा पुरे झाला. आणि त्या दिवाळीला मामाकडे हट्ट करून साडी मागून घेतली. तोवर कधी काही मागितलं नव्हतं तिने. हिरवी इरकल. घडीवर विरलीय, पण कपाटात आहे.

मी चॅनल बदलतेच आहे. ही साडी आहे हे मात्र मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.